ते माणूस

"सर, एक विचारू? या कादंबरीत कुणी चालत का नाही?"

प्रश्न संग्राम देसाईचा होता, आणि तो विचारताना त्याने बाकावरून उठण्याची तसदी घेतली नव्हती. मी वाचत होतो ती पानं टेबलावर ठेवली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तो वर्ग म्हणजे कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेची अर्धी खोली होती. भिंतीला अजून बेसिन होतं, नळ नव्हता. समोर सात मुलं, चार मुली आणि तीन मुलगे, जानेवारीच्या कोवळ्या उन्हाच्या पट्ट्यात बाक सरकवून बसली होती.

"चालत नाही म्हणजे?"

"म्हणजे बघा ना. 'काठाकडे जाणं झालं.' 'पायवाटेवर थांबणं झालं.' 'त्या दिवशीही येणं झालं नाही.' सगळ्यांचं नुसतं होतंच आहे. कुणी गेला, कुणी आली, असं एकदा तरी होऊ दे की ओ."

वर्ग हसला. मीही हसलो, कारण आरोप शंभर टक्के खरा होता. सहा आठवडे मी त्या मुलांना एका हंगेरियन कादंबरीचा माझा स्वतःचा अनुवाद वाचून दाखवत होतो, आणि त्या सहा आठवड्यांत माझ्या मराठीतून माणसं हळूहळू नाहीशी झाली होती. उरल्या होत्या त्या फक्त क्रिया. रिकाम्या कपड्यांसारख्या दोरीवर हलणाऱ्या.

"हंगेरियन भाषेतच तसं आहे," मी म्हणालो. "त्या भाषेत लिंग नाही."

मागून कुणीतरी खोकलं. मी फळ्याकडे वळलो.

"व्याकरणातलं लिंग. 'तो', 'ती' आणि 'ते' या तिघांना मिळून तिकडे एकच सर्वनाम आहे. ओठ 'ओ'चे ठेवायचे आणि म्हणायचं 'ए'. जो स्वर निघेल तोच तो शब्द. आपल्या लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून नाइलाजाने 'ओ' लिहितो."

मी फळ्यावर 'ओ' लिहिलं.

"एवढंच?" संग्राम म्हणाला. "मग हे तर आमचंच आहे की ओ सर. बापाला ओ, आईला ओ, कंडक्टरला ओ."

त्या हशात मी तासाची घंटा होईपर्यंत वेळ काढला. त्याने खरं तर जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलंच नाही.

कादंबरीचं नाव होतं 'गोठलेला काठ'. लेखिका वादकेर्ती शारा. तिकडे आडनाव आधी लिहितात, हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा विजयमाला खोराटे नावाची मुलगी म्हणाली होती, "आपल्या हजेरीवानी." वादकेर्तीबाईंचं त्यांच्या देशात मोठं नाव होतं, पण इथे, हिरण्यकेशीच्या काठच्या या तालुक्याच्या गावात, त्यांना वाचलेला माणूस मी एकटा होतो. अभ्यासक्रमात 'जागतिक कादंबरी : अनुवादाच्या अंगाने' अशी एक ऐच्छिक पत्रिका होती आणि कादंबरी निवडायची मुभा शिकवणाऱ्याला होती. आमचे विभागप्रमुख इंगवले सर तेव्हा खूश झाले होते. "आपल्या विभागात हंगेरियन जाणणारा प्राध्यापक आहे, हे मूल्यांकन समितीपुढे आलंच पाहिजे, सबनीस." त्या कादंबरीचा मराठी अनुवाद नव्हता. तो मी दर आठवड्याला थोडा थोडा करत होतो आणि वर्गात वाचत होतो.

गोष्ट साधी होती. तिसा नावाच्या नदीच्या दोन काठांवर दोन गावं. हिवाळ्यात नदी गोठते आणि नावेची ये-जा बंद होते. अलीकडच्या काठावर 'मी' राहतो किंवा राहते, मूळ भाषा ते सांगत नाही. पलीकडे कुणी गेलेलं आहे. बर्फ फुटला की पहिल्या नावेने परत येण्याचा शब्द देऊन गेलेलं आहे. संपूर्ण कादंबरी म्हणजे तो हिवाळा. शेवटच्या पानावर बर्फ फुटतो, नाव सुरू होते, सगळे उतरतात. आणि मग एक छोटं वाक्य येतं : 'ओ' परत आला नाही. किंवा आली नाही.

'मी'चं मला फार जड गेलं नाही. आपल्या भाषेत भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्त्याचं लिंग झाकतं. मी दार उघडलं, मी वाट धरली, मी रात्र काढली : बोलणारा पुरुष की स्त्री, कुणाला कळणार? शिवाय या भागात मुलीही सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, विजयमाला रोज उशिरा दारात उभी राहून "आलो तर चालेल का सर?" असंच विचारायची. तेव्हा 'मी गेलो' लिहिलं तरी निम्मा वर्ग ते आपलंच वाक्य समजत होता. अडचण होती ती पलीकडच्या काठावरच्या त्या 'ओ'ची.

'ती' म्हटलं असतं तर प्रश्नच मिटत होता. 'ती' म्हणजे प्रेमकथा, विरह, सगळ्यांच्या ओळखीचं. पण 'ती' माझ्याच्याने लिहवत नव्हतं, आणि 'तो' लिहिण्याची माझी छाती नव्हती. म्हणून सहा आठवडे येणं होत नव्हतं आणि जाणं होत होतं.

पुढच्या तासाला इंगवले सर स्वतः येऊन मागच्या बाकावर बसले. संग्रामची शंका त्यांच्यापर्यंत पोचली असावी; त्या कॉलेजात भिंतींना नळ नसले तरी कान होते. गोरे, नीटनेटके, सफारी घालणारे गृहस्थ. प्रमाण भाषेवर त्यांची श्रद्धा होती आणि ती भाषा त्यांनी कष्टाने मिळवली होती. त्यांचं बालपण त्याच तालुक्यातल्या एका वाडीत गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

"चालू द्या, सबनीस. मी फक्त ऐकतो." आणि लगेच, "बरं, आधी मुलांना किती समजलंय ते पाहू. खोराटे, तुम्ही सांगा. कथानक."

विजयमाला उभी राहिली. ठेंगणी, रुंद कपाळाची मुलगी. वर्गात वही काढायची नाही, पण ऐकताना ओठ हलायचे. ती बोलायला लागली की प्रमाण भाषा दोन वाक्यं टिकायची आणि मग चप्पल काढून ठेवावी तशी ती बाजूला निघून राहायची.

"हिवाळा येतो, सर. नदी गोठते. नाव बंद होती. ह्या काठाला एकजण ऱ्हातंय. त्येचं माणूस पलीकडं गेलंय. बर्फ फुटला की येतो म्हणून शब्द देऊन गेलंय. मग हे आपलं रोज काठाला जातंय, बघतंय, माघारी येतंय. शेवटाला बर्फ फुटतोय, सगळी उतरत्यात, पर त्येचं माणूस काय येत न्हाई."

"थांबा." इंगवले सरांनी हात वर केला. "एम.ए. मराठीत आहात तुम्ही. 'माणूस गेलंय'? माणूस या शब्दाचं लिंग कोणतं?"

"पुल्लिंग, सर."

"मग?"

"आमच्याकडं असंच म्हणत्यात, सर. आपलं माणूस. घरचं माणूस. 'तिचं माणूस मुंबईला असतंय,' असं."

"म्हणजे नपुंसकलिंग." त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "माणूस आणि नपुंसक?"

संग्रामच्या बाकावर हास्य फुटलं आणि दाबलं गेलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या शब्दाला व्याकरणाबाहेर एक घर आहे आणि तिथे त्याचा वापर कुणासाठी होतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. मी खिडकीकडे पाहू लागलो. बाहेर शिपाई वाळलेली पानं एका जागी लोटत होता आणि वारा ती पुन्हा पसरवत होता.

विजयमाला बसली नव्हती.

"नपुंसक न्हाई ओ सर," ती शांतपणे म्हणाली. "परकं असलं तर तो न् ती. एकदा आपलं झालं की ते बाप्या हाय का बाई, कोण बघत बसतंय?"

"बसा," इंगवले सर म्हणाले. "लिहिताना असं लिहू नका म्हणजे झालं."

तास संपल्यावर ते माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालत आले.

"सबनीस, तुमचं हंगेरियन वगैरे ठीक आहे. पण शनिवारपर्यंत मला प्रश्न लागेल. प्रश्नपत्रिका छापायला द्यायची आहे. साधा काढा. 'नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा.' पंधरा गुण."

"नायिका आहे असं मूळ कादंबरी सांगत नाही, सर."

"मग नायक काढा."

"तेही सांगत नाही."

ते थांबले. "हे पाहा, मुलांना परीक्षेला बसायचं आहे. नदीच्या पलीकडे कोण आहे एवढं तरी त्यांना माहीत असायला हवं ना? बाई आहे की पुरुष, एकदा ठरवा तुम्ही." मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीने, "आणि स्वतःचंही काहीतरी ठरवा. माझ्या साडूंची मुलगी आहे, बेळगावला. एम.एस्सी. तुम्ही सदतिशीत आहात, एकटे राहता, गावात लोक विचारतात. मी काय सांगायचं त्यांना?"

"सांगा, शिकवणं होतं, जेवणं होतं, झोपणं होतं."

ते हसले नाहीत. त्यांना तो विनोद वाटला नसावा. मलाही वाटत नव्हता.

त्या संध्याकाळी मी नदीवर गेलो. हिरण्यकेशी कधी गोठत नाही. जानेवारीत ती आटून दगडांच्या मधून वाट काढते आणि काठावरच्या उसाच्या मळ्यांतून गुऱ्हाळाचा धूर पाण्यावर येऊन बसतो. घाटाच्या पायरीवर बसून मी तिसाची आठवण काढत होतो. खरं म्हणजे तिसाच्या निमित्ताने दुसरीच.

त्या नदीच्या काठी सेगेद नावाच्या शहरात मी शिष्यवृत्तीवर एक वर्ष काढलं होतं. ज्युजा नेनी नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे भाड्याने राहत होतो. 'नेनी' म्हणजे आपल्याकडची मावशी म्हणा. पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलावरची रिकामी फोटोफ्रेम पाहून त्यांनी विचारलं, घरी कुणी आहे का? मी म्हणालो, आहे. पुण्यात. 'ओ' भौतिकशास्त्र शिकवतं. 'ओ'ला चहा फार लागतो. 'ओ' माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. मराठीत आज मी हे असं लिहितो आहे, पण त्या भाषेत ती साधी, सरळ, काहीही न लपवणारी वाक्यं होती. वर्षभर म्हातारी मला रोज विचारायची : पत्र आलं का 'ओ'चं? कसं आहे 'ओ'? तिने कधी पुढचं विचारलं नाही, कारण तिच्या भाषेत पुढचं असं काही नव्हतंच. आयुष्यातलं तेवढं एकच वर्ष मी मकरंदविषयी खोटं न बोलता बोललो.

परत आल्यावर आम्ही पुण्यात तीन वर्षं एका घरात राहिलो. शेजाऱ्यांसाठी रूम पार्टनर. मग त्याचा ताप उतरेना. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि पावसाळा संपायच्या आत सगळं आटोपलं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक मुलगी विचारायची, "पेशंटचे कोण आपण?" मी म्हणायचो, मित्र. "नातेवाइकांनाच सोडतो आम्ही." नाशिकहून त्याचे आईवडील, काका, चुलत भाऊ आले. चांगली माणसं होती. त्यांनी माझ्याशी वाईट वागण्याचं काही कारण नव्हतं आणि ते वागलेही नाहीत. वैकुंठ स्मशानभूमीत मला फाटकाशी उभं केलं, येणाऱ्यांच्या गाड्या नीट लावून घ्यायला. कारण मी बाहेरचा होतो आणि धावपळ करणारा होतो. पावसाची भुरभुर होती. एक पांढरी मारुती मागे घ्यायला लावत असताना आत चिमणीतून धूर निघाला. "अजून थोडी, अजून थोडी, येऊ द्या," असं मी त्या ड्रायव्हरला सांगत होतो.

त्यानंतर मी पुणं सोडलं. जिथे मला आणि त्याला एकत्र पाहिलेलं कुणी नसेल असं गाव हवं होतं. मिळालं. पण मग लक्षात आलं की जिथे कुणी पाहिलेलं नाही, तिथे आम्ही झालोच नव्हतो.

शुक्रवारी दुपारी घरी बसून मी शेवटचं पान अनुवादायला घेतलं. बर्फ फुटतानाच्या आवाजाचं वर्णन मी तासभर पुन्हा पुन्हा घडवलं, कारण त्यानंतरचं वाक्य मला टाळायचं होतं. शेवटी ते आलंच. पहिल्यांदा मी लिहिलं : 'परत येणं झालं नाही.' ते वाचलं. वादकेर्तीबाईंनी दीडशे पानं ज्या एका ठोक्यासाठी राखली होती, तो ठोका त्यात नव्हता. ते रेल्वेच्या उद्घोषणेसारखं वाटत होतं. मी ते खोडलं.

मग लिहिलं : 'ती परतली नाही.'

अक्षरं छान दिसत होती. इंगवले सरांचा प्रश्न सुटला, पत्रिका सुटली, संग्रामची शंका सुटली. वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. एका वेलांटीत मी मकरंदला पुसून तिथे दुसरं कुणी उभं केलं होतं. ज्याला मी मरताना पाहू शकलो नव्हतो, त्याला आता माझ्याच हाताने जन्मालाच येऊ दिलं नव्हतं.

तेही खोडलं. लिहिलं : 'तो परतला नाही.'

हे खरं होतं. ते पाहताक्षणी मला बाकावरचं हास्य ऐकू आलं, इंगवले सरांच्या भुवया दिसल्या, घरमालकांच्या मुलाला माझ्याकडे शिकवणीला न पाठवण्याची सबब ऐकू आली. पण एवढंच नव्हतं. 'तो'देखील मला लांबचा वाटला. 'तो' म्हणजे कुणीही पुरुष. नावेतून न उतरलेला कुणी एक. त्यात मकरंद होता, पण मी नव्हतो. त्या वाक्यात कुणाचं काय गेलं, ते कुठेच नव्हतं.

बराच वेळ पेन हातात राहिलं. खाली रस्त्यावर भांड्यांना कल्हई करणारा ओरडत गेला. आणि मग विजयमाला ज्या शांतपणे उभी होती ती मला दिसली, हात पाठीमागे, कपाळावर ऊन. मी तिचं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग लिहिलं. आणि मग सुरुवातीपासूनची सगळी पानं काढून, जिथे जिथे येणं झालं होतं आणि जाणं झालं होतं, तिथे तिथे ते खोडून पुन्हा लिहीत बसलो.

शनिवारी सकाळी वर्गात जाण्याआधी इंगवले सरांच्या टेबलावर प्रश्न ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "'प्रतीक्षा करणाऱ्याचे आणि त्याच्या माणसाचे नाते स्पष्ट करा.' हं. 'माणसाचे' म्हणजे नेमकं कुणाचं? पेपर तपासणाऱ्याला कळणार कसं?"

"त्याचं कुणी असेल तर कळेल, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग प्रश्नाच्या कागदावर सही करून तो फाइलमध्ये सारला.

वर्गात मी म्हणालो, "शेवटचं प्रकरण. मधली काही पानं मी बदलली आहेत. ऐका."

"चालायला लागली का माणसं?" संग्राम.

"बघ तूच."

मी वाचत गेलो. बर्फाला पहिला तडा जातो, तो आवाज गावात सगळ्यांना एकदम ऐकू येतो आणि बायका हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर येतात. नावाडी डांबराचा वास असलेली नाव पाण्यात लोटतो. 'माझं माणूस गेलं तेव्हा त्याच्या गळ्यात करडी लोकर होती. गर्दीत मी आधी करडा रंग शोधला.' नाव येते. कोंबड्यांची खुराडी उतरतात. पत्र्याची पेटी घेतलेली एक नवरी उतरते. सरकारी माणूस उतरतो. नावाडी दोर बांधतो आणि विडी पेटवतो. नाव रिकामी असते आणि तरी हलत असते.

तिथे मी थांबलो. पुढचं वाक्य समोर होतं, माझ्याच अक्षरात. मुलांना वाटलं मी मुद्दाम थांबलो आहे, परिणामासाठी. संग्राम पुढे झुकला होता.

"माझं माणूस," मी वाचलं.

आणि मला पुढचं येईना. शब्द दिसत होते, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. चार वर्षांत मी त्याच्याविषयी मोठ्याने उच्चारलेले ते पहिले दोन मराठी शब्द होते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने काही उपयोग झाला नाही. मुलींपैकी कुणीतरी मान खाली घातली.

मग पहिल्या बाकावरून, विचारल्यासारखं नव्हे, पूर्ण केल्यासारखं, विजयमाला म्हणाली :

"आलं न्हाई."

"आलं नाही," मी म्हणालो. "माझं माणूस परत आलं नाही. इथे कादंबरी संपते."

घंटा व्हायला वेळ होता. तरी मी पानं गोळा केली आणि वर्ग सोडला. कुणी बाक वाजवला नाही. संग्राम दाराशी उभा राहून मला आधी जाऊ देण्यासाठी बाजूला झाला. असं त्याने त्याआधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी बाराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. मी दार उघडलं तर विजयमाला, आणि तिच्यामागे दम खात उभी असलेली नऊवारीतली एक बाई, हातात फडक्यात बांधलेलं काही. विजयमालाचा चेहरा उतरला होता. आपण केलेलं बरोबर की चूक हे तिलाच समजत नसावं.

"सर, ही आई. मी नको म्हणत होतो, पर..."

"तू गप," बाई म्हणाल्या. चपला जिन्यातच काढून त्या आत आल्या, खोली पाहिली, कोपऱ्यातला गॅस पाहिला. मी खुर्ची पुढे केली, पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "पोरगी काल आल्यापासनं जेवली न्हाई. म्हटलं काय झालं? तर म्हणाली, आमच्या सरांचं माणूस गेलंय."

"ते... कादंबरीतलं, आई," मी म्हणालो. "पुस्तकातलं होतं ते."

"व्हय, पुस्तकातलं. सांगिटलं तिनं." त्यांनी फडक्याची गाठ सोडायला घेतली. "पर आवाज कुणाचा बसला?"

मी विजयमालाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"लगीन झालेलं न्हाई म्हणं तुमचं. म्हंजी घरात कोण न्हाई. म्हंजी कुणी आणलंबी नसंल." गाठ सुटली. आत दोन ज्वारीच्या भाकऱ्या होत्या आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात पिठलं. "ज्याचं माणूस जातं त्यानं चूल पेटवायची नसती. शेजारापाजाऱ्यानं आणायचं असतंय. कडू घास म्हणत्यात त्याला. त्यो खाल्ल्याबिगर गेलेलं माणूस गेल्यावानी हुईत न्हाई. नुसतंच न्हाईसं ऱ्हातंय."

त्या माझ्या बोलण्याची वाट पाहत नव्हत्या. विजयमालाने न विचारता मांडणीवरून ताटली घेतली, बेसिनपाशी विसळली आणि आईपुढे ठेवली.

"कदी गेलं?" बाईंनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"अगं बाई." त्यांचा हात भाकरीवर थांबला. "लईच उशीर झाला मग आमास्नी."

त्यांनी भाकरी मोडली, वर पिठलं घातलं आणि ताटली माझ्या पुढ्यात सरकवली. मी जमिनीवर, त्यांच्यासमोर बसलो. खाली गल्लीत पोरं गोट्या खेळत होती. पहिला घास हातात घेऊन मी तसाच थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव घ्यावं आधी. मनात न्हाई. मोठ्यानं."

"मकरंद," मी म्हणालो.

खोलीत काही हललं नाही. विजयमालाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग ती आईच्या शेजारी येऊन बसली.

"ब्येस नाव हाय," बाई म्हणाल्या. "खावा आता. गार हुईल."